गावाचं देणं आणि मैदानाची वेळ

पत्र थोडक्यात असं आहे: सांगली जिल्ह्यातल्या कृष्णाकाठच्या गावात राहणारी २० वर्षांची मुलगी. बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे, पाच हजार मीटर पळते, विद्यापीठाच्या संघात आहे. २०१९च्या महापुरात घर पाण्याखाली गेलं तेव्हा ती १४ वर्षांची होती. कुटुंब शाळेच्या वर्गात राहिलं, आणि अनोळखी माणसांनी जेवण, कपडे, वह्या आणून दिल्या. आपणही लोकांच्या उपयोगी पडायचं, हे तिने तेव्हाच ठरवलं. आज ती गावच्या युवक मंडळात आहे, कॉलेजच्या एनएसएसमध्ये (राष्ट्रीय सेवा योजनेत) आहे, दर रविवारी गावातल्या बारा-तेरा मुलींना पळायला शिकवते आणि रक्तदान शिबिर कधी चुकवत नाही. वर्षभरात तीनदा रक्त दिलंय, पुढच्या महिन्यातल्या शिबिरातही नाव घातलंय. इकडे पाच हजार मीटरची तिची वेळ पाऊण मिनिटाने घसरली आहे. तिला पळायला शिकवणारे सर म्हणतात, "आधी पदक, मग समाजसेवा." वडील म्हणतात, "आधी भरती, मग काय करायचं ते कर." ती विचारते: "सगळं बंद केलं तर मी स्वार्थी ठरेन का? आणि नाही केलं तर सरांचा, पप्पांचा विश्वासघात होईल का? हल्ली मैदानावर पाय उचलत नाहीत. मीच आळशी झालेय असं वाटतं."

प्रिय मुली,

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण मला तेच सगळ्यात तातडीचं वाटतं. पाय उचलत नाहीत, आणि तू त्याला आळस म्हणतेस. पहाटे साडेचारला उठून मैदान गाठणाऱ्या मुलीला आळशी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुझं पत्र मी परत वाचलं तेव्हा दोन गोष्टी डोळ्यांत भरल्या. वर्षात तीन वेळा रक्तदान, आणि मंडळाच्या बैठका आटपून झोपायला रोजचे साडेअकरा.

आधी रक्ताचं बोलू. आपल्याकडचा नियम सांगतो की वय १८ पूर्ण हवं, वजन निदान ४५ किलो, हिमोग्लोबिन किमान १२.५ हवं, आणि दोन रक्तदानांमध्ये पुरुषाला ९० दिवसांचं, बाईला १२० दिवसांचं अंतर हवं. यात तू बसतेस, म्हणून शिबिरात तुला कुणी अडवलं नाही. पण हा नियम निरोगी माणसाला रोजचं कामकाज नीट करता यावं, एवढ्यापुरता आहे. आठवड्याचे सहा दिवस पळणाऱ्या मुलीचा विचार त्यात नाही. ३५० मिलिलिटरच्या एका पिशवीबरोबर साधारण १५० मिलिग्रॅम लोह अंगातून जातं. जेवणातून शरीर घेतं ते दिवसाला १ ते २ मिलिग्रॅम. त्यात पाळीचा रक्तस्राव आहे, घाम आहे. रक्तातलं पाणी एक-दोन दिवसांत भरून येतं, म्हणून दुसऱ्या दिवशी आपण ठणठणीत आहोत असं वाटतं. तांबड्या पेशी भरून यायला मात्र कित्येक आठवडे लागतात आणि लोहाचा साठा भरायला महिने. लांब पल्ल्याच्या शर्यतीत पायांना प्राणवायू पोचवायचं काम हिमोग्लोबिनचं. ते कमी पडलं की मन कितीही खंबीर असो, तिसऱ्या किलोमीटरनंतर पाय जड होणारच.

म्हणून या आठवड्यात रक्ताच्या दोन तपासण्या करून घे, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि फेरिटिन. नुसतं हिमोग्लोबिन बघून थांबू नकोस. ते बरं दिसत असतानाही लोहाचा साठा तळाला गेलेला असू शकतो, आणि तो फेरिटिनवरून कळतो. रिपोर्ट डॉक्टरांना दाखव, मेडिकलमधून मनाने गोळ्या आणू नकोस. गोळ्या सुरू झाल्या तर चहाबरोबर घेऊ नकोस, चहामुळे लोह अंगी लागत नाही. पाळी पुढे-मागे होत असेल किंवा बंद झाली असेल, तर तेही डॉक्टरांना न लाजता सांग. पळणाऱ्या मुलींमध्ये खाणं कमी आणि कष्ट जास्त झाले की असं होतं. सरांना सांगायला अवघड वाटत असेल तर आईला सोबत घे.

आता झोप. साडेअकरा ते साडेचार म्हणजे पाच तास. तुझ्या वयाला आठ तास हवेत, आणि एवढा सराव करणारीला त्याहून थोडी जास्तच. सरावात शरीराची झीज होते, ती भरून येते झोपेत.

हे सगळं आधी सांगितलं त्याला कारण आहे. सेवेमुळे वेळ घसरली असं सर समजतात, आणि तूही ते खरं मानायला लागली आहेस. मला वाटतं, घसरलीच असेल तर ती रक्त आणि झोप या दोन गोष्टींमुळे. रविवारच्या मुलींनी तुझं काही नेलेलं नाही. सगळं एकदम बंद करण्याच्या निर्णयाला येण्याआधी हे तपासलंच पाहिजे.

तुझ्या पत्रात पहिल्यापासून एक गोष्ट धरून चाललेली दिसते: पळणं आपल्यासाठी, बाकी सगळं लोकांसाठी. त्यामुळे मैदानावर घालवलेल्या प्रत्येक तासाची तुला टोचणी लागते. तुझ्या शेजारच्याच जिल्ह्यातलं उदाहरण घे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकला गेले ते लोकांच्या पैशावर. वर्गणी निघाली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी तर राहतं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. परत आल्यावर त्यांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लांग चढवून उतरले आणि त्या पैशांतून प्राचार्यांचं घर सोडवलं. लोकांचं देणं त्यांनी फेडलं ते कुस्ती करून. तुझ्याही हातात तुझी अशी एक विद्या आहे. गावासाठी काही करायचं म्हणजे ती बाजूला ठेवावी लागते, असं कुणी सांगितलं तुला?

मात्र "तू नुसती पळ, तीच तुझी सेवा" असंही मी म्हणणार नाही. हे वाक्य तुला पुष्कळ जण ऐकवतील आणि ते ऐकायला गोड आहे. तुला पदक मिळालं तर गाव गुलाल उधळेल, पण तेवढ्याने कुणाच्या घरातला चिखल निघत नाही. माणसांमध्ये जाऊन काम करण्याची तुझी ओढ खरी आहे, ती जपायलाच हवी. म्हणूनच सरांच्या "आधी पदक, मग समाजसेवा" या सूत्राशी मी सहमत नाही. पदक सगळ्यांना मिळत नाही. मनापासून पळणाऱ्या शेकडो मुली राज्य पातळीच्या पुढे जात नाहीत, आणि त्यांचं पळणं त्यामुळे वाया जात नाही. सेवा पदकाच्या नंतरच करायची असं ठरवलं, तर ती कधीच न होण्याची शक्यता जास्त. शिवाय वयाच्या विसाव्या वर्षी लागलेली सवय टिकते. तिसाव्या वर्षी नव्याने लावायला फार जड जातं.

आणि महापुराचं ऋण. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा तेव्हा ५७ फुटांवर गेली होती, धोक्याची पातळी ४५ फूट असताना. तुमच्यापर्यंत जे पोचले, त्यांनी काय दिलं याची वही ठेवली नव्हती. त्यातले बहुतेक जण दहा-पंधरा दिवस राबले आणि आपापल्या कामाला परत गेले. शिक्षक शाळेत गेले, ट्रकवाले ट्रकवर, डॉक्टर दवाखान्यात. कामाला परत गेले म्हणून त्यांना कुणी स्वार्थी म्हटलं नाही. तूही म्हणाली नसशील. मग स्वतःसाठी एवढा कडक नियम कशाला?

आता तुझ्या चार कामांकडे एकेक करून बघू. तू ती चारही एका मापाने मोजतेस, आणि माझ्या मते खरी गडबड तिथे आहे.

रविवारच्या मुलींबद्दल तू जेमतेम पाच-सहा ओळी लिहिल्या आहेत, पण तुझ्या पत्रातला जिवंत भाग तोच आहे. सातवीतली एक मुलगी चपला बांधावर काढून अनवाणी पळते. तिची आई पहिल्यांदा "पोरीला घरी काम आहे" म्हणून ओढून न्यायला आली होती, आणि आता तीच बांधावर उभी राहून तास संपेपर्यंत बघत असते. मुली, हे काम दुसऱ्या कुणाला सहज जमणारं नाही. गावातल्या आईला आपल्याच गावची, पळून विद्यापीठापर्यंत गेलेली मुलगी समोर दिसते, म्हणून ती तिथे उभी आहे. एकच काम ठेवायचं झालं तर हे ठेव.

पण ते नीट बांधून घे. मुलींना तुझा पुष्कळ वेळ नको असतो, तुझा भरवसा हवा असतो. लागोपाठ दोन रविवार तू न सांगता आली नाहीस, तर तिसऱ्या रविवारी चार मुली कमी झालेल्या असतील, आणि त्यात ती अनवाणी मुलगी असेल, कारण घरी थांबवून घ्यायला निमित्तच हवं असतं. म्हणून तास एकच ठेव, सकाळी सात ते आठ, आणि तो पाळ. तुझं लांब अंतराचं पळणं सध्या रविवारी पहाटे असतं असं तू लिहिलंस. सरांना विचारून ते शनिवारी घे. रविवारी मुलींबरोबर हळूहळू धावणं हाच तुझा हलका दिवस होईल. तुझी स्पर्धा असेल तेव्हा दोन आठवडे आधीच मुलींना तारीख सांग, आणि तुझ्या मागे तास कोण घेणार हेही ठरव. शाळेतल्या क्रीडा शिक्षकांना विचार, किंवा मुलींमधलीच दहावीतली एखादी धीट पोरगी तयार कर. एका वहीत चार रविवारांचा कार्यक्रम लिहून ठेव, म्हणजे तू नसलीस तरी तास चालेल.

दहा-बारा वर्षांच्या मुलींना मैदानाच्या फेऱ्या मारायला लावू नकोस, दर आठवड्याला घड्याळही लावू नकोस. लंगडी, खो-खो, पकडापकडी, उड्या खेळव. माणदेशातल्या मोही गावच्या ललिता बाबर यांची सुरुवात खो-खोपासूनच झाली होती, आणि २०१६ला रिओ ऑलिंपिकमध्ये तीन हजार मीटर स्टीपलचेसच्या (अडथळ्यांच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीपर्यंत त्या गेल्या. पळण्याची गोडी लागली की अंतर वाढवायला पुढे पुष्कळ वर्षं आहेत. आणि मुलांबरोबर काम करणाऱ्या सगळ्यांनीच पाळावं असं थोडं: पालकांची सही घेतलेला कागद, एकट्या मुलीबरोबर एकटं न थांबणं, पाण्याची सोय, प्रथमोपचाराची पेटी. मुलींचे फोटो स्टेटसला टाकू नकोस, मंडळालाही टाकू देऊ नकोस.

एनएसएसचं सोपं आहे, कारण त्याला माप आहे. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. १२० तास बावन्न आठवड्यांवर पसरले तर आठवड्याला अडीच तासही होत नाहीत. १९६९पासून देशभरातली कॉलेजची मुलं एवढ्यावर ही योजना चालवत आली आहेत. तुला मात्र आठवड्याचे पंधरा तास दिले तरी कमीच वाटतात. अडचण येते ती शिबिराची, कारण ते बऱ्याचदा हिवाळ्यात असतं आणि आंतरविद्यापीठ स्पर्धाही त्याच सुमाराला. वर्षाच्या सुरुवातीलाच कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटून तारखांचं बोलून घे. ऐनवेळी गैरहजर राहण्यापेक्षा ते केव्हाही बरं. मुलींचा रविवारचा वर्ग एनएसएसच्या तासांत धरता येईल का, हेही त्यांना विचार.

मंडळाबद्दल मी स्पष्ट बोलते. रात्री दहाला सुरू होऊन साडेअकराला संपणाऱ्या बैठकीत तुझ्या असण्याने कुणाचं भलं होतं? तू लिहितेस की बैठकीत निम्मा वेळ फ्लेक्सवर कुणाचा फोटो घ्यायचा यात जातो, आणि तुझा फोटो हमखास घेतात कारण तू ‘विद्यापीठ खेळाडू’. मंडळातली पोरं वाईट नाहीत, पुरात हीच पोरं पाण्यात उतरतात. पण रात्रीच्या बैठकीला तू गेलीच पाहिजेस असं नाही. त्यांना सरळ सांग: "दादा, मी रात्री साडेआठला झोपते. काम असेल तर सकाळी सांगा, मी करते." नाराजी होईल, आठवडाभर टोमणे येतील. त्यानंतर लोक तुझी वेळ धरून चालायला लागतात.

पूर मात्र वेगळा. ते रोजचं काम नाही, ती आणीबाणी आहे, आणि पुन्हा पाणी चढलं तर तू घरात बसणार नाहीस हे मला कळतं. तुझ्या सुदैवाने पूर येतो जुलै-ऑगस्टमध्ये आणि तुझ्या मोठ्या स्पर्धा पुढे हिवाळ्यात. सरांना आत्ताच सांगून ठेव की पूर आला तर चार-आठ दिवस मी नसेन. तिथे गेल्यावर लाइफ जॅकेटशिवाय बोटीत पाय ठेवू नकोस, कुणी कितीही घाई केली तरी. पाणी ओसरल्यावरच्या चिखलात गमबूट घाल, पायाला चीर असेल तर उतरूच नकोस. लेप्टोस्पायरोसिस हा तापाचा आजार अशाच वाटेने येतो. प्रतिबंधक गोळी घ्यायची का ते आरोग्य केंद्रात विचार, आणि नंतर ताप आला तर पुराच्या पाण्यात होते हे डॉक्टरांना आठवणीने सांग. ओल्या गाद्या आणि पोती उचलून कंबर धरून बसलीस तर हंगाम गेला. याद्या करणं, औषधं वाटणं, म्हाताऱ्या माणसांची चौकशी करणं या कामांनाही तिथे माणसं कमीच पडतात.

सरांशी बोलायचं कसं, हे तू विचारलं नाहीस, पण तुला त्याचीच भीती वाटते असं पत्रावरून दिसतं. सरांनी किती गुणी मुली लग्नाने, घरकामाने, दुखापतीने मैदान सोडून जाताना पाहिल्या असतील. तू मंडळाच्या फ्लेक्सवर दिसलीस की त्यांना वाटतं, ही पण चालली. त्यांच्याकडे रक्ताचा रिपोर्ट आणि आठवड्याचं वेळापत्रक कागदावर लिहून घेऊन जा. सराव किती, झोप किती, रविवारचा एक तास, एनएसएसचे अडीच तास, बाकी रद्द. "सर, एवढं करू द्या, तीन महिन्यांनी वेळ बघून परत ठरवू." माझा अंदाज आहे की त्यांचा विरोध सेवेला नसेल, कोणत्या दिवशी तू कुठे असशील याचा पत्ता नसतो त्याला असेल.

पप्पांची काळजी नोकरीची आहे, आणि ती रास्त आहे. पोलीस भरतीत मुलींना ८०० मीटर असतं, ते तुझ्या हातचं आहे. शिवाय राज्य सरकारच्या नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. कोणत्या स्पर्धेचं प्रमाणपत्र कोणत्या पदाला चालतं, हे जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन पप्पांसमोर विचारून घे. पळणं आणि भरती यांचं भांडण तिथेच बरंचसं मिटेल.

कबड्डी खेळणाऱ्या, तालमीत जाणाऱ्या मुलांनाही यातलं बरंच लागू आहे. वजन उतरवत असलेल्या पैलवानाने तर त्या दिवसांत रक्तदानाच्या वाटेला जाऊच नये. दुखापतीने महिना-दोन महिने बसून असलेल्यांनी अंध विद्यार्थ्यांसाठी परीक्षेत लेखनिक म्हणून बसायचं मनावर घ्यावं. त्यात पाय लागत नाहीत, आणि परीक्षेच्या तोंडावर लेखनिक मिळत नाही म्हणून मुलं अक्षरशः दारोदार फिरत असतात. लेखनिक किती शिकलेला चालतो याचे नियम परीक्षेप्रमाणे बदलतात, तेवढं शाळेत किंवा कॉलेजात विचारून घ्यावं.

राहता राहिलं पुढच्या महिन्यातलं शिबिर. रक्त देणाऱ्यांच्या यादीतून नाव काढ. हंगाम संपल्यावर, फेरिटिन चांगलं असेल आणि डॉक्टर हो म्हणाले, तर वर्षातून एकदा दे. पण शिबिराला जा आणि नोंदणीच्या टेबलावर बस. दर शिबिरात काही बाया उत्साहाने येतात, बोटाला सुई टोचून घेतात, आणि "ताई, तुमचं हिमोग्लोबिन कमी आहे, चालणार नाही" म्हणून परत पाठवल्या जातात. त्यांचं पुढे काय झालं हे कुणी विचारत नाही. त्यांना विचारून त्यांची नावं आणि आकडा एका कागदावर लिहून घे, आणि तो कागद त्याच संध्याकाळी गावच्या आशा सेविकेकडे दे. त्यानंतर पंधरा दिवसांनी गोळ्या मिळाल्या का, एवढं त्या बायांच्या घरी जाऊन विचारून ये. तुझ्या सकाळच्या हलक्या पळण्याच्या वाटेवरच त्यांची घरं असतील.